वाघाच्या अंगणातले पाहुणे

१ जानेवारी १९९६. कोलकाता शहराला तेव्हा कलकत्ताच म्हणत. तिथल्या कितीतरी घरांत नववर्षाचा पहिला दिवस म्हणजे अलीपूरच्या प्राणिसंग्रहालयात जायचा दिवस. डबे भरून घ्यायचे, मुलांना स्वेटर आणि माकडटोप्या चढवायच्या आणि त्या जुन्या बागेत सबंध दिवस काढायचा. त्या दिवशीच्या गर्दीत दारू प्यालेले दोन तरुण होते आणि त्यांच्याकडे फुलांचे हार होते. अडथळे ओलांडून ते शिवा नावाच्या वाघाच्या आवारात उतरले. वाघाच्या गळ्यात हार घालायचा, असा त्यांचा बेत होता. एकजण प्राणाला मुकला, दुसरा जखमी झाला.

ही बातमी तेव्हा जगभर छापून आली आणि वाचणाऱ्यांनी 'काय एकेक वेडे असतात!' म्हणून पान उलटले. पण वाघाच्या जितके जवळ जाता येईल तितके जावे, ही ओढ त्या दोघांपुरतीच होती का? ३१ डिसेंबर २०२४ रोजी, म्हणजे पुन्हा वर्ष बदलण्याच्याच सुमारास, आपल्या विदर्भातल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात 'एफ-२' ही वाघीण आपल्या पाच बछड्यांसह रस्त्यावर आली. दोन्ही बाजूंनी पर्यटकांच्या जिप्सी येऊन उभ्या राहिल्या आणि वाघीण पिलांसकट मधे अडकली. मोबाइल वर झाले. त्याच मोबाइलवरची दृश्ये गावोगाव पोहोचली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. वाहनचालक आणि गाइड यांच्यावर कारवाई झाली. इथे कोणी प्यालेले नव्हते. बायकामुलांना घेऊन, रीतसर तिकीट काढून आलेली ही चांगली माणसे होती.

वाघ पाहायला जावे की नाही? जायचे तर कसे जावे? या प्रश्नाचे उत्तर शोधायला कोलकात्याहून शंभरेक किलोमीटरवरच्या सुंदरबनाइतकी योग्य जागा नाही. कारण इथे वाघ सहसा दिसतच नाही आणि तरीही इथल्या प्रत्येक घरात तो असतो.

जिथे रस्ता संपतो

महाराष्ट्रातून जाणारी मंडळी बहुधा गीतांजलीने किंवा विमानाने कोलकात्याला उतरतात. हावड्याहून सियालदह स्टेशन गाठायचे आणि तिथून दक्षिणेकडची कॅनिंग लोकल पकडायची. सव्वा-दीड तासाचा हा प्रवास मुंबईकराला परका वाटणार नाही. तीच गर्दी, तेच दारातले लटकणे. फरक इतकाच, की सकाळी उलट दिशेने, म्हणजे शहराकडे येणाऱ्या गाड्या कोलकात्यातल्या घरांत धुणीभांडी करणाऱ्या बायकांनी भरलेल्या असतात. त्यांतल्या पुष्कळजणी सुंदरबनाच्या बाजूच्या असतात. ज्या शहराला सुंदरबन म्हणजे दोन दिवसांची सहल वाटते, त्या शहराची घरे रोज सकाळी सुंदरबनच आवरून देते.

कॅनिंगहून, किंवा थेट कोलकात्याहून मोटारीने बासंतीमार्गे, गदखालीच्या धक्क्यापर्यंत यायचे. इथे रस्ता संपतो. पुढे फक्त पाणी. लाकडी बोटीला इथे 'भटभटी' म्हणतात. नाव इंजिनाच्या आवाजावरून पडले आहे. आपल्याकडे मोटारसायकलची फटफटी झाली तसेच. नदीपलीकडे गोसाबा. १९०३ च्या सुमारास सर डॅनियल हॅमिल्टन नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने इथे जमीन घेऊन सहकाराचा मोठा प्रयोग केला. त्याचा लाकडी बंगला आणि १९३२ साली रवींद्रनाथ ठाकूर आले होते तेव्हाची जागा प्रवाशांना दाखवतात. मग गावे विरळ होत जातात. एका काठावर मातीचा बांध, त्यामागे घरे, नारळी, भाताची खाचरे. समोरच्या काठावर जंगल. मधे एवढीशी नदी.

सुंदरबनाचा एकूण पसारा सुमारे दहा हजार चौरस किलोमीटरचा. त्यातला चाळीसेक टक्के भाग भारतात, बाकीचा बांगलादेशात. भारताच्या बाजूला १०२ बेटे आहेत. त्यांतल्या ५४ बेटांवर माणसांची वस्ती आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या भागात ४४ लाखांहून अधिक लोक राहत होते. १९७३ साली देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत आपले मेळघाट होते, तसेच सुंदरबनही होते. १९८४ साली त्याचा गाभा राष्ट्रीय उद्यान झाला आणि १९८७ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अलीकडच्या गणनेत भारतीय सुंदरबनात शंभराच्या आसपास वाघ मोजले गेले. २०१० साली ही संख्या ७० धरली होती.

चिखलाची मेजवानी

ताडोबाची सवय असलेला माणूस पहिल्या दिवशी इथे निराश होतो. तिथे जिप्सीत बसले की निदान रस्ता असतो, मोर आडवे जातात, पाणवठ्यावर वाघ बसलेला सापडतो. इथे तासन् तास दोन्ही बाजूंनी हिरवी भिंत सरकत राहते. जमिनीवर उतरायला परवानगी नाही. फक्त सजनेखाली, सुधन्यखाली, दोबाँकी अशा ठिकाणी निरीक्षण मनोऱ्यांपाशी जाळीच्या आत पाय टेकवता येतात. इथे माणूस पिंजऱ्यात असतो आणि जंगल मोकळे. वनखात्याने मनोऱ्यांसमोर गोड्या पाण्याची तळी खोदली आहेत, तिथे चितळे, रानडुकरे, क्वचित वाघ येतो.

दुसऱ्या दिवसापासून मात्र डोळे सरावतात. कोकणातल्या खाडीकाठी ज्यांनी तिवरांचे रान पाहिले आहे, त्यांना हे जंगल ओळखीचे वाटेल, फक्त शेकडो पटींनी मोठे. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. पाणी तीन ते पाच मीटर चढते आणि उतरते. भरतीला झाडांच्या कमरेपर्यंत पाणी, आणि सहा तासांनी तिथेच चिखलाचा चकाकता उतार! त्या चिखलातून झाडांची श्वासमुळे भाल्यांच्या टोकांसारखी वर आलेली असतात. एकच मोठा नांगा उंचावणारे लाल खेकडे, चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या, बोटीच्या पुढे पुढे जाणारे निळे आणि तपकिरी खंड्या. उन्हाला पडलेले ओंडके मधूनच तोंड उघडतात, कारण त्या खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात. केवड्याच्या झाडांच्या (हा आपला सुवासिक केवडा नव्हे, खाऱ्या पाण्यातले एक उंच झाड) फांद्या खालून अगदी एका रेषेत कातरलेल्या दिसतात. माळ्याचे काम वाटावे इतकी सरळ रेषा, पण ती चितळांनी मान वर करून जिथवर पाला खाता येतो तिथवरची खूण आहे. वर माकडे पाला तोडून खाली टाकतात तेव्हा त्याच झाडाखाली हरणे जमतात.

सजनेखालीच्या केंद्रात एक तळे आहे. त्यापुढे बहुतेक प्रवासी दोन मिनिटेही थांबत नाहीत. त्यात बाटागूर बास्का जातीची कासवे आहेत. एकेकाळी ही कासवे इतकी होती की बोटी भरभरून कोलकात्याच्या बाजारात खाण्यासाठी नेत. पुढे निसर्गात ती जवळपास नाहीशीच झाली. २००८ साली लक्षात आले, की पूर्वी कधीतरी या तळ्यात ठेवलेल्यांपैकी काही नर-माद्या इथेच वाढून मोठ्या झाल्या आहेत. त्यांच्यापासून पैदास सुरू झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये दहा कासवे पाठीवर यंत्रे बसवून नदीत सोडण्यात आली. जगात जी मोजकीच उरली आहेत असा प्राणी समोर आहे, आणि धक्क्यावरून हाका येताहेत, 'चला चला, वाघाची वेळ झाली!'

वाघाची अशी वेळ नसते. सुंदरबनचा वाघ मध्य भारतातल्या वाघापेक्षा चणीने लहान, पट्टीचा पोहणारा आणि चिखलात वावरणारा. दोन-तीन दिवसांच्या सहलीत ओल्या काठावर त्याच्या पावलांचे ठसे दिसले, तरी नशीब चांगले म्हणायचे. पुढच्या भरतीला तेही पुसले जातात.

नाव न घेण्याचे जनावर

आपल्याकडे खेड्यात रात्री सापाचे नाव घेत नाहीत. 'जनावर' म्हणतात किंवा 'लांबडं'. सुंदरबनात जंगलात शिरलेला माणूस 'बाघ' हा शब्द उच्चारत नाही. तो म्हणतो 'मामा'. नाव घेतले तर हाक मारल्यासारखे होते, असा समज आहे.

आपल्या घाटांत जशी वाघजाई, तशी इथे बनबीबी. तिची गोष्ट घराघरात ठाऊक असते. दुखे नावाचा गरीब विधवेचा मुलगा. त्याला मध आणायला म्हणून घेऊन गेलेला धनवान चुलता त्याला एका बेटावर वाघरूपी दक्षिणरायाच्या हवाली करून, मधाने होड्या भरून निघून जातो. आईने सांगितले होते, संकटात आणखी एक आई आहे, तिला हाक मार. दुखे हाक मारतो आणि बनबीबी धावून येते. ती दक्षिणरायाला मारून टाकत नाही, समज देते. माणसालाही अट घालते: रिकाम्या हाताने आणि स्वच्छ मनाने जंगलात या, गरजेपुरतेच न्या. हिंदू आणि मुसलमान दोघेही जंगलात पाऊल टाकण्यापूर्वी तिलाच नमस्कार करतात. हल्ली संध्याकाळी पर्यटकांच्या निवासांत या कथेचे नाट्यरूप तासाभरात आटोपून दाखवतात.

जंगलात जाणारे हे लोक कोण? मासे पकडणारे, खेकडे धरणारे आणि एप्रिल-मेमध्ये मध गोळा करणारे 'मौले'. खेकड्यांना शहरात आणि परदेशात चांगला भाव मिळतो. त्यासाठी अरुंद खाड्यांत शिरावे लागते, कधी चिखलात उतरून बिळात गज घालावा लागतो. माणूस वाकलेला असतो, पाठ जंगलाकडे असते. वाघाचे बहुतेक बळी हे असे, जंगलात शिरलेलेच असतात. १९८६-८७ च्या सुमारास एक युक्ती काढली गेली होती. वाघ सहसा मागून झडप घालतो, म्हणून डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाच्या चेहऱ्याचा मुखवटा बांधायचा. सुरुवातीला मुखवटे घातलेल्यांवर हल्ले झाले नाहीत, म्हणून जगभर वाहवा झाली. पुढे वाघांना ही फसवणूक कळू लागली, असे सांगतात.

नवरा जंगलात गेला की कित्येक घरांत बायको तो परत येईपर्यंत विधवेसारखी राहते. केसांना तेल नाही, शृंगार नाही. तो परतलाच नाही, तर तिच्या वाट्याला 'बाघ-बिधवा' हा शिक्का येतो. नवऱ्याला गिळणारी म्हणून तिलाच दोष देणारेही असतात. आणि तो परवान्याशिवाय किंवा बंदी असलेल्या गाभ्याच्या भागात गेला असेल, तर भरपाई सोडाच, उलट दंड होईल या धास्तीने मृत्यूचे खरे कारणही दडवले जाते. बोटींचे परवाने मोजके आहेत, ते भाड्याने फिरतात, आणि ज्याच्याकडे काहीच नाही तो चोरून जातो. काही विधवांनी कलकत्ता उच्च न्यायालयाचे दार ठोठावले आणि भरपाई मिळवली. पण तिथपर्यंत जाणाऱ्या किती?

शहरातून आलेल्या पाहुण्याला हे ठाऊक असायला हवे. ज्या जनावराच्या एका छायाचित्रासाठी तो हजारो रुपये मोजतो, ते जनावर पलीकडच्या बांधामागच्या बाईला फुकटसुद्धा नको असते. तिने ते सहन करावे, त्याला विष घालू नये, गावात आला तर काठ्या न घेता वनखात्याला कळवावे, अशी आपली अपेक्षा असते. मग त्या सहन करण्याचे मोल कोण चुकवणार?

सहलीचा पैसा कुठे जातो?

इथे पर्यटनाचा खरा हिशेब सुरू होतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गदखालीचा धक्का पाहिला, तर त्याची वाईट बाजू आधी दिसेल. मोठमोठ्या लाँचेस, भोंगे, गाणी, भांडी, बटाट्यांची पोती. जेवणाचा शिधा कोलकात्याहून, आचारी कोलकात्याहून, कधीकधी पिण्याचे पाणीसुद्धा प्लॅस्टिकच्या बाटल्यांतून कोलकात्याहून. अशा सहलीतून बेटावर मागे काय राहते? रिकाम्या बाटल्या. पावसाळ्यात हिलसा मासा खायच्या खास सहली निघतात. त्यांत जंगल हे तोंडी लावायला असते. सजनेखालीसमोरच्या पाखिरालय गावात आणि आसपास गेल्या काही वर्षांत सिमेंटची हॉटेले दाटीने उभी राहिली. वातानुकूलन यंत्रांसाठी जनित्रे धडधडतात. किनाऱ्याचे नियम मोडणाऱ्या बांधकामांचे प्रश्न हरित न्यायाधिकरणापुढे गेले आहेत.

आणि एखादा वाघ खाडी पोहून जाताना दिसला की काय होते, ते उमरेडची हकिकत वाचलेल्याला सांगायला नको. बोटी त्याच्या वाटेत येतात, लोक एका बाजूला धावतात, बोट कलते, ओरडा होतो. पोहणारा वाघ दमलेला असतो, काठ गाठण्याच्या घाईत असतो. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की पर्यटकाने कोणत्याही वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर दूर राहावे. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने काही महिने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यात पर्यटन पूर्ण थांबवले होते. नंतर या सूचनांच्या चौकटीत ते पुन्हा सुरू झाले.

दुसरी बाजूही आहे, आणि ती पाहिली नाही तर अन्याय होईल. सुंदरबनात प्रत्येक पर्यटक बोटीवर वनखात्याने मान्यता दिलेला गाइड घ्यावाच लागतो. हे बहुतेक आसपासच्या गावांतलेच तरुण असतात. त्यांना ठसा नराचा की मादीचा हे सांगता येते, आणि वाघ दिसला नाही म्हणून चिडलेल्या कुटुंबाला खंड्याच्या जाती दाखवून रमवताही येते. प्रवेशशुल्काच्या उत्पन्नातला हिस्सा संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांमार्फत गावांना मिळतो. त्यातून विटांचे रस्ते, गोड्या पाण्याची तळी, धक्के झाले आहेत. गावांच्या बाजूने जंगलाच्या कडेला वनखात्याने नायलॉनची जाळी लावली. तेव्हापासून वाघ वस्तीत येण्याचे प्रमाण पुष्कळ घटले. ही जाळी फाटली आहे, अशी खबर गावानेच द्यायची असते. ज्या गावाला जंगलातून दोन पैसे मिळतात, ते गाव अशी खबर लवकर देते.

बाली बेटावरच्या अनिल मिस्त्री यांचे उदाहरण या भागात सर्वांना माहीत आहे. तरुणपणी ते हरणांची शिकार करत. एकदा मारलेल्या मादीमागे तिचे पाडस उभे राहिले, आणि त्या दिवसापासून त्यांनी शिकार सोडली. पुढे गावातल्याच लोकांना घेऊन त्यांनी निसर्गरक्षणाची संस्था उभी केली. पूर्वी जंगलात फासे लावणारे काही हात वाट दाखवू लागले. अशा गोष्टी ऐकताना आपण भारावून जातो. पण मन पालटले तरी पोट असतेच. मन पालटलेल्या माणसाला दुसरा रोजगार मिळाला, म्हणून ते पालटलेलेच राहिले, हेही ध्यानात घ्यावे.

मराठी वाचकाला हे पटवून द्यायला फार लांब जावे लागत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले वेळास आठवावे. तिथे किनाऱ्यावर येणाऱ्या सागरी कासवांची अंडी पूर्वी काढली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला बरोबर घेऊन अंडी जपायला सुरुवात केली आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात, त्यांच्याच स्वयंपाकघरातले जेवतात, आणि सकाळ-संध्याकाळ पिले समुद्राकडे जाताना दोरीच्या अलीकडे उभे राहून पाहतात. एखाद्या दिवशी पिले निघतच नाहीत. तरीही पाहुणे पुढल्या वर्षी येतात. अर्थात कासवाचे पिलू कोणाच्या नवऱ्याला उचलून नेत नाही. वेळासचा धडा सुंदरबनात जसाच्या तसा लागू होईल, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल.

वादळानंतर

२५ मे २००९ रोजी 'आयला' चक्रीवादळ आले. ब्रिटिश काळापासून बेटांभोवती घातलेले मातीचे बांध सुमारे साडेतीन हजार किलोमीटर लांबीचे आहेत. ते जागोजागी फुटले आणि खारे पाणी शेतांत शिरले. जमीन काही वर्षे भाताला नालायक झाली. पुरुष केरळ, तमिळनाडू, महाराष्ट्राकडे मजुरीला निघाले. जे राहिले, त्यांतले पुष्कळ खेकड्यांकडे वळले, म्हणजे वाघाकडे. मे २०२० मध्ये 'अम्फान' आले तेव्हा टाळेबंदीमुळे परतलेले हेच मजूर घरी होते, पर्यटन बंद होते आणि हाताला काम नव्हते. वादळ आणि वाघ यांचे नाते असे आहे.

याच वादळांनी खारफुटीचे मोल पटवून दिले. बांधासमोर झाडांचा पट्टा होता तिथे लाटांचा जोर कमी झाला, हे गावांनी डोळ्यांनी पाहिले. आज कित्येक बेटांवर बायका ओहोटीच्या वेळी गुडघाभर चिखलात उभ्या राहून तिवरांची रोपे लावतात. मधाचेही काही प्रमाणात बस्तान बसले आहे. वनखात्याने मधपेट्या देऊन मौल्यांना जीव धोक्यात न घालता मध काढायची सोय केली, आणि जानेवारी २०२४ मध्ये सुंदरबनच्या मधाला भौगोलिक मानांकन मिळाले. अशी बाटली घरी आणली, तर तिची गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे.

थंडीत, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, इथे जायला उत्तम काळ. बोट ठरवताना दलालाला नुसता दर विचारू नये. बोटीवरची माणसे कोणत्या गावची? मुक्काम गावकऱ्याच्या घरी की हॉटेलात? भाजी-मासळी बेटावरच घेणार का? ध्वनिवर्धक असेल का? हे प्रश्न विचारले की समोरचा थोडा चपापतो, पण दोन-चार घरांनी विचारले की दुसऱ्या वर्षी त्याच्याकडे उत्तरे तयार असतात. लहान बोट घ्यावी. भडक कपडे नकोत. पाण्याचे डबे घरून न्यावेत आणि कचरा पिशवीत भरून परत आणावा. बेटावर कचऱ्याची गाडी येत नाही. मुलांना निघण्याआधीच सांगून ठेवावे, की वाघ दिसणार नाही. मग जे दिसेल ते सगळे त्यांना जास्तीचे वाटते. आणि हो, 'बाघ-बिधवा' दाखवण्याची सोय करतो असे कोणी म्हणाले, तर नको म्हणावे. दुःख हे प्रेक्षणीय स्थळ नव्हे.

सूर्य मावळायच्या आत पर्यटकांच्या बोटींनी जंगलाबाहेर पडायचे असते. इंजिने बंद झाली की पाखिरालयाच्या बांधावरून पलीकडची काळी रेघ तेवढी दिसते आणि कुठेतरी मगरीने पाणी कापल्याचा आवाज येतो. दुसऱ्या दिवशी गदखालीच्या धक्क्यावर परतलेल्यांना नव्याने निघालेले हटकून विचारतात, 'दादा, वाघ दिसला?' बाजूलाच खेकड्यांच्या टोपल्या कोलकात्याकडे जाणाऱ्या टेम्पोत चढवल्या जात असतात. नांगे सुतळीने घट्ट बांधलेले, वरून ओले गोणपाट. खेकडा जितका मोठा तितका भाव चढा, आणि मोठे खेकडे आत, जंगलाच्या बाजूला मिळतात.